दोन्ही मोर डावीकडे

ज्योतीराम सुरवसे यांची आणि माझी पहिली भेट झाली त्या सकाळी मी मेलो होतो. निदान माझी तशी खात्री पटली होती. तिसरी शिफ्ट करून येऊन दिवसा झोपलेला माणूस तसाही निम्मा मेलेला असतो. उरलेला निम्मा त्या आवाजाने संपवला. आधी पलंग थरथरला. मग भिंतीवरचं कॅलेंडर असं थरथरलं की त्यातली संकष्टी एकादशीच्या घरात गेली. मग छतातून असा काही आवाज यायला लागला, की वाटलं, एखाद्या राक्षसाची दाढ दुखतेय आणि त्याचा दातांचा डॉक्टर नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलाय. शेवटी एक बारीकशी 'टिंग' झाली, सगळं शांत झालं, आणि खिडकीतून पिवळसर भुकटी तरंगत येऊन माझ्या उघड्या तोंडात पडली. मी ओळखलं, गुलाल उधळला. आपल्याला नेतायत.

पण गुलालाला लाकडाची चव होती. मेलेल्याला चव कळत नाही, त्या अर्थी मी जिवंत होतो. आणि जिवंत होतो त्या अर्थी रात्री पुन्हा शिफ्ट होती. या दुसऱ्या विचाराने मला जास्त राग आला. लुंगी सावरत आणि उशी काखेत मारून (ती का घेतली, हे मला अजून समजलेलं नाही) मी जिना चढलो आणि दार ठोठावलं.

दार उघडलं. समोर डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना जाड गॉगल, कानांत बोळे, अंगात एप्रन आणि पायांत लोखंडी टोकाचे बूट असा एक पुतळा उभा होता. भुवयांपासून बुटांपर्यंत भुसा. चाकणच्या कारखान्यात शिरताना माणूस जे जे अंगावर चढवतो, ते सगळं त्याने स्वतःच्या हॉलमध्ये चढवलं होतं. मागे सोफ्यावर प्लास्टिक अंथरलेलं, टीव्हीवर जुनी साडी टाकलेली.

मी बोललो. झोप, शेजारधर्म, रक्तदाब, सोसायटीचे नियम, माणुसकी, सगळ्यावर बोललो. पुतळा अतिशय लक्ष देऊन मान हलवत होता. माझं संपल्यावर त्याने कानांतले बोळे काढले आणि नम्रपणे म्हणाला, "हां, आता बोला."

थकलेल्या माणसाच्या रागात एकच फेरी असते. दुसऱ्यांदा मला फक्त "आवाज येतो हो" एवढंच जमलं.

"माफ करा, भाऊ," तो म्हणाला. "मोर कापायलोय."

वनखात्याचा नंबर काय असतो, याचा मी विचार करत असतानाच त्याने मला आत नेलं आणि टेबलावरचं मशीन दाखवलं. दिसायला शिलाई मशीनसारखं. पण सुईच्या जागी केसाएवढं बारीक, दाते असलेलं पातं. ते वरखाली होतं, आणि आपण फळी फिरवू तशी नक्षी कापली जाते. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. फळीवर मोराचं चित्र चिकटवलं होतं. मोर जेमतेम चोचीपर्यंत कापून झाला होता आणि ती चोच एखाद्या पान्यासारखी दिसत होती.

हे ज्योतीराम सुरवसे. मूळचे धाराशिवकडचे. लग्नानंतर लगेच चाकणला आले आणि एका कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहिले, ते आजतागायत उभे आहेत. चारचाकीच्या दाराला आतून एक पत्र्याची पट्टी असते. ती कुणालाही दिसत नाही, पण नसली तर दार खडखडतं. ज्योतीराम ती पट्टी बनवतात. त्यातही फक्त डाव्या दाराची. कारखान्यात तिला एलएच म्हणतात. उजव्या दाराची, म्हणजे आरएच, पलीकडच्या लाइनवर दुसरा माणूस बनवतो. डावीत उजवी मिसळणं हे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं महापातक आहे. माणूस एक वेळ दारू पिऊन आला तर चालतं, पण एलएचच्या खोक्यात आरएच गेली तर साहेबलोक पुण्याहून गाड्या काढून येतात. तेव्हा ज्योतीरामांनी आयुष्यभर मन लावून डावं काम केलं. रस्त्यावर गाडी दिसली की ते डाव्या बाजूने बघायचे, आणि गाडी उजवीकडून गेली तर तिच्याकडे परक्या गावच्या पाहुण्यासारखं बघायचे.

असा माणूस मोराच्या नादी का लागला, तर मुलीमुळे. प्राजक्ता ही त्यांची एकुलती एक. ती आणि तिचा नवरा अजिंक्य दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी ताथवड्याला फ्लॅट घेतला आणि दसऱ्याला वास्तुशांत धरली. सासूबाई सुभद्राबाई पिंपळे गुरवला राहतात. त्यांनी एक संगमरवरी देव्हारा पसंत करून ठेवला होता. फोनवर हे ऐकता ऐकता ज्योतीराम बोलून गेले, की देव्हारा माझ्याकडून, मी स्वतः हातानं करणार. आदल्याच दिवशी त्यांनी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर एक परदेशी म्हातारा बघितला होता. तो या मशीनवर लाकडातून पिंपळपान असं काढत होता, जसं आपण केळं सोलतो. त्या म्हाताऱ्याला बहुतेक शिफ्ट नसावी.

बायको, जयमालावहिनी, यांनी फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावला म्हणे. त्याला कारण होतं. प्राजक्ता लहान असताना शाळेत गॅदरिंग असलं की ज्योतीराम म्हणायचे, येतो. मग ती पुढच्या रांगेत एक खुर्ची अडवून ठेवायची. इकडे ऐन वेळी ओव्हरटाइम लागायचा. कार्यक्रम संपला की ती मुकाट्याने खुर्ची घडी करून मांडववाल्याच्या ढिगावर ठेवून यायची. रडायची नाही, विचारायची नाही. हे मला वहिनींनी सांगितलं. ज्योतीरामांनी यातलं काही कधी सांगितलं नाही, ते फक्त एवढंच म्हणाले, "तिनं सासूला सांगितलंय, संगमरवरी नको, पप्पा करायलेत." म्हणजे पोरीने पुन्हा एक खुर्ची अडवली होती, आणि या वेळी ती सासूसमोर अडवली होती.

मशीन त्यांनी ताथवड्याच्याच एका कॉलेजातल्या पोराकडून घेतलं. त्याला त्या मशीनचा कंटाळा आला होता. लाकूड मात्र चाकणचं. परदेशातून कारखान्यांत मशीनं येतात ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांतून, आणि ती खोकी फुटली की त्यांचा प्लाय रीतसर गेटपास करून कामगारांच्या घरी जातो. त्याची एक बाजू स्वच्छ असते. दुसऱ्या बाजूला काळ्या शाईत छत्री, काचेचा ग्लास आणि वर दाखवणारे बाण छापलेले असतात. म्हणजे पावसात भिजवू नका, आपटू नका, उलटं ठेवू नका. आम्ही राहतो त्या मोशीतल्या निम्म्या चपलांच्या कपाटांना आतून छत्र्या आहेत. देव्हाऱ्याची चौकट ज्योतीरामांनी एका सुताराकडून करून घेतली. पण दोन दारं, एकेका दारावर एकेक मोर, ती स्वतः करायची ठरली.

आता अडचण अशी, की आमच्या सोसायटीत तिन्ही शिफ्टची माणसं राहतात. दिवसाचा असा एकही तास नाही की कुणी तरी झोपलेलं नाही. आमच्याकडे मिक्सरसुद्धा कानोसा घेऊन लावतात. पोरं क्रिकेट खेळतात ती आउटचं अपील हात वर करून, मुक्याने. थकवा ही आमची पाण्याच्या टाकीसारखी सामाईक मालमत्ता आहे. अशा इमारतीत स्क्रोल सॉ लावणं म्हणजे दवाखान्यात बँड लावणं. माझ्या पाठोपाठ बाकीचेही झोपमोडे जिना चढले आणि प्रकरण चेअरमनकडे, भीमराजभाऊंकडे गेलं.

भीमराजभाऊ मूळ मोशीचे. जिथे आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा कांदा व्हायचा. आता कांद्याच्या जागी आम्ही पिकतो. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, म्हणजे डोळे मिटून बसले, आणि मग निकाल दिला. "माझा जुना गोठा हाय की मागं. बैलं गेली, आता तिथं भाडेकरूंच्या गाड्या असत्यात. एक कोपरा घे. बैलांची झोप मोडली न्हाई कधी, गाड्यांची काय मोडायची?"

ज्योतीरामांची शाळा अशी गोठ्यात भरली. मी तिथे जाऊन बसायला लागलो. एक तर माझी झोप कायमची मोडली होती, आणि दुसरं म्हणजे आपल्यापेक्षा थकलेल्या माणसाशेजारी बसलं की जरा बरं वाटतं.

पहिला शोध असा लागला, की पातं उलटं बसवलं होतं. दाते वर. त्यामुळे पातं वर जाताना फळीलाही उचलायचं आणि खाली येताना आपटायचं. माझा दाढदुखीचा राक्षस तो हाच. पातं सुलटं बसवल्यावर राक्षस गेला, पण 'टिंग' राहिली. ज्योतीराम फळी ढकलायचे. प्रेस टनावारी जोराने पत्रा दाबते. त्या जोराशी संसार केलेला माणूस केसाएवढ्या पात्याशी कसा वागणार? टिंग. नवं पातं. टिंग. मोराच्या एका पिसाला त्यांनी पाती अशी खाल्ली, जशी पोरं चणे खातात.

त्याहून मोठी गंमत त्यांच्या हातांची. प्रेसला दोन बटणं असतात, चांगली लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. ज्योतीरामांचे हात असे जन्मभर कामापासून लांब राहिलेले. इथे तर बोटं पात्याशेजारी ठेवावी लागतात. पातं जवळ आलं की त्यांचे दोन्ही हात आपोआप सुटायचे आणि हवेतल्या दोन न दिसणाऱ्या बटणांवर जाऊन थांबायचे. मोकळी सुटलेली फळी मग तबल्यासारखी वाजायची. त्यात ते त्या दोन हातांकडे असे बघायचे, की हे कुणाचे इथे आले?

वहिनी घरी ब्लाऊज शिवतात. एकदा चहा द्यायला आल्या आणि खांबाला टेकून बघत राहिल्या.

"अहो, ढकलताय काय असं?" त्या म्हणाल्या. "मी कापड ढकलते का? धरायचं नुसतं. ते जातंय तिकडं त्याचं तोंड करून द्यायचं."

"हे लाकूड हाय."

"मग लाकडाचं तोंड करून द्या."

ज्योतीरामांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि त्या गेल्यावर तसं करून बघितलं. पातं तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींना त्यांनी काही सांगितलं नाही, पण चहा आणल्यावर त्या टेकायच्या त्या खांबाखालचा भुसा झाडून ठेवला.

हळूहळू जमत गेलं. पिसाच्या आतला डोळा कापायला आधी बारीक भोक पाडायचं, पातं सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, कापायचं, पुन्हा सोडवायचं. मोराला इतके डोळे द्यायला देवाचं काय गेलं, त्याला पाती ओवावी लागली नव्हती. कामावरून आलेला माणूस, पाय सुजलेले, चष्मा घामाने घसरतोय, आणि तो सुईत दोरा ओवावा तसं पातं ओवतोय. एकदा मी पोचलो तर ज्योतीराम मशीनसमोर उभे, मशीन बंद, हात फळीवर, डोळे मिटलेले. मागून भीमराजभाऊ आले आणि हळूच म्हणाले, "आमचा ढवळ्या असाच उभ्यानं झोपायचा. उठवू नका, दचकून लाथ मारत्यात."

एकदा मी त्यांना म्हणालो, सुरवसे, एवढं दमून पुन्हा हे कशाला? विकत आणा दारं. ते जरा वेळ फळीवरचा भुसा फुंकत राहिले.

"कंपनीतनं दमून येतो तर हात मोकळेच असत्यात, भाऊ," ते म्हणाले. "इथं दमलो तर एक पान तरी कापून झालेलं असतंय."

 आम्ही दोघं जांभया देत बसलो.

दसरा जवळ आला तसा घोळ झाला. दसऱ्या-दिवाळीला लोक गाड्या घेतात, म्हणून त्याआधी आमचा सगळा पट्टा ओव्हरटाइमने फुगतो. सुट्टीचं नाव काढलं की सुपरवायझर आजारी पडतो. ज्योतीरामांचं एकही दार पुरं झालेलं नव्हतं. जो मोर आत्तापर्यंत कापला होता तो शिकताना इतका जखमी झाला होता, की त्याला दाराऐवजी दवाखान्यात लावायला हवा होता. त्यांनी नव्याने सुरुवात करायची ठरवली आणि तेव्हा त्यांच्यातला प्रेसवाला जागा झाला. एकेक दार कशाला कापायचं? दोन फळ्या एकावर एक ठेवायच्या, चिकटपट्टीने घट्ट बांधायच्या, वरच्या फळीवर चित्र, आणि एकाच कापात दोन मोर. दोन्ही अगदी सारखे.

"प्रॉडक्शन," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी दिसली. दोन्ही फळ्यांच्या छत्र्या-ग्लास खाली, स्वच्छ बाजू वर, अशी नीट तपासून त्यांनी जोडी बांधली. मी बाजूला बसून होतो. मलाही ती युक्ती फार हुशारीची वाटली.

त्या मोराला ते ओव्हरटाइमच्या फटींमधून कापत राहिले. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा डोळा ओवून झाला. त्यांनी पट्ट्या सोडल्या, दोन्ही दारं वेगळी केली, घासली, पॉलिश मारलं आणि दोन वर्तमानपत्रांवर आडवी वाळत ठेवली. पिसं अशी निघाली होती, की भीमराजभाऊंनी बोट लावून बघितलं आणि ते पॉलिशला चिकटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे गणपती मोठा, दिवाळी मोठी, पण कामगाराचा खरा सण हाच. त्या दिवशी कारखान्यात मशीनं धुऊन पुसून काढतात. ज्या प्रेसला वर्षभर शिव्या दिल्या तिला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. पूजा झाली की मशीन बंद. दसरा उलटेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही; पूजेला मांडलेलं हत्यार उचलायचं नसतं. ज्योतीराम पूजा करून लवकर घरी आले ते हारांची पिशवी घेऊनच. सवयच ती. सरळ गोठ्यात गेले, स्क्रोल सॉ पुसली, तिला हार घातला, कुंकू लावलं. पाटावर ड्रिल, कानस, स्क्रू पिळायचं पेचकस, उरलेली पाती, अगदी पॉलिश पेपरचे तुकडेही ओळीने मांडले. भीमराजभाऊंनी वडिलांचा विळा आणि स्वतःच्या गाडीची जास्तीची किल्ली (खरी उद्या लागणार होती) आणून ठेवली. माझं हत्यार कोणतं हे मलाच माहीत नसल्यामुळे मी नारळ फोडला. वहिनींनी ओवाळलं. सगळ्यांनी नमस्कार केला आणि पेढे खाल्ले.

मग ज्योतीराम म्हणाले, आता दारं लावून बघू कशी दिसत्यात. त्यांनी चौकट उभी केली आणि एकेक दार उचलून तिला टेकवलं.

दोन्ही मोर डावीकडे बघत होते.

दारावरचे मोर एकमेकांकडे बघतात. जगात कुठल्याही देव्हाऱ्यावर जा. इथे उजव्या दारावरचा मोर डावीकडच्याच्या पाठीकडे बघत होता, आणि डावीकडचा त्याला टाळून भिंतीकडे. रेशनच्या रांगेत उभे असावेत तसे.  ज्योतीरामांनी दारांची अदलाबदल केली. पुन्हा तेच. ते खाली बसले.

"दोन्ही एलएच," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या सुरात, जसा काही दुसऱ्याचाच रिजेक्ट झालेला माल दाखवतायत. दोन्ही फळ्यांची चांगली बाजू वर ठेवली, तिथेच चुकलं. चांगल्या बाजू एकमेकींना चिकटवून, तोंडाला तोंड लावून बांधायला हव्या होत्या. म्हणजे कापून उघडल्यावर एक डावी निघाली असती, एक उजवी. एवढं साधं. पण उजवीचा विचार करायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. तो पलीकडच्या लाइनचा विषय.

मी एक दार उलटं करून बघितलं. मोर उजवीकडे वळला खरा, पण त्याच्या पोटावर छत्री आली, गळ्यात ग्लास, आणि पिसाऱ्यातून दोन काळे बाण आकाश दाखवत होते. भीमराजभाऊ म्हणाले, "पावसाळी मोर हाय." कुणी हसलं नाही.

वेळ होता. अजून अख्खी दुपार पडली होती, गोठ्यात प्लायचा एक तुकडा शिल्लक होता आणि हात आता सरावलेला. मी ज्योतीरामांना म्हणालो, की हार काढून ठेवू, देवाला सांगू, एक मोर कापू आणि पुन्हा हार घालू. मुलीचं काम आहे, देव काही कंपनीचा मॅनेजर नाही. मी बराच वेळ बोललो. वहिनीही माझ्या बाजूने बोलल्या, आणि त्या तर नवरात्राचे उपास करत होत्या.

ज्योतीराम मशीनकडे बघत होते. झेंडूच्या हारातून तिचं ते बारीक पातं दिसत होतं, त्यालाही कुंकवाचा ठिपका.

"एका वर्षी गेटवर गिऱ्हाइकाची गाडी उभी होती," ते म्हणाले. "साहेब हात जोडायला लागले, पूजा झाली तर झाली, एवढा लॉट मारा. आमी कुणी बटणाला हात लावला न्हाई. वर्षात एक दिवस ती आपल्याला काय मागत न्हाई, भाऊ. आपण बी तिला मागायचं न्हाई."

मग ते हळू म्हणाले, "आन खरं सांगू का, आज लई दमलोय."

तिथेच भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. वहिनींनी दोन्ही दारं जुन्या चादरीत गुंडाळायला घेतली, जसं बाळंतिणीचं पोर गुंडाळतात. मी नारळाचं खोबरं खात बसलो. एरवी मला तिथे झोप लागायची. त्या दिवशी लागली नाही.

दसऱ्याला भीमराजभाऊंच्या गाडीतून देव्हारा ताथवड्याला गेला. मला आग्रहाने बरोबर घेतलं होतं. चूक झाली तेव्हा शेजारी बसलेला माणूस साक्षीदार म्हणून लागतो. अख्ख्या वाटेत ज्योतीराम चादरीवर हात ठेवून बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, संगमरवरी अजून मिळत असेल दुकानात. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नवं घर. फुलांचं तोरण, होमाचा धूर, पाहुणे. अजिंक्य मोठा गोड मुलगा. त्याने सकाळी लॅपटॉपची यथासांग पूजा केली होती आणि हळदकुंकवासकट त्याच लॅपटॉपवर त्याची मीटिंग चालू होती. ज्योतीरामांनी ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पेचकस मात्र अजिंक्यचंच कामाला आलं, कारण ते पूजेला मांडायचं त्याला सुचलं नव्हतं. ज्योतीरामांनी चौकटीला बिजागऱ्या पिळल्या, दारं लावली आणि पाठमोरेच उभे राहिले. प्राजक्ता आतून आली. नऊवारी नेसलेली, घामाघूम. तिने दारांकडे बघितलं. एका मोराकडे, मग दुसऱ्याकडे. मग बापाकडे.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "दोन्ही एलएच?"

ज्योतीरामांनी मान हलवली.

ती पुढे झाली आणि पदराने काचेवरची पुसावी तशी त्या पिसांवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच. तेवढ्यात सुभद्राबाई आल्या. सगळं घर त्यांच्या मागे आलं. त्यांनी चष्मा वर केला, दारं निरखली, आणि जो प्रश्न यायचा तो आला. दोन्ही मोर एकाच बाजूला का गं बघतात?

प्राजक्ता वळली. "आमच्याकडे असेच असतात," ती म्हणाली.

"दोन्ही डावीकडे?"

"हो. आमच्यात तशीच पद्धत आहे."

पद्धत म्हटल्यावर सुभद्राबाई गप्प झाल्या. आपल्याकडे माणसाला कारण विचारता येतं, पद्धतीला विचारता येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या बाईला कुजबुजून सांगितलं, की त्यांच्यात तसंच असतं, मराठवाड्याकडे. त्या बाईने ते पुढच्या बाईला सांगितलं. प्रसादाचं ताट फिरेपर्यंत ही प्राचीन रूढी सगळ्या हॉलमध्ये पोचली होती, आणि एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मोरांनी नेमकं डावीकडेच बघायचं की ईशान्येकडे. मी म्हणालो, डावीकडे, एलएच. त्यांनी ते गंभीरपणे लक्षात ठेवलं.

आरतीच्या वेळी प्राजक्ताने पुढच्या रांगेत एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ज्योतीराम तिच्यावर बसले. घंटा वाजायला लागली आणि सगळे उठले, तरी ते बसूनच राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल. जवळ जाऊन बघितलं तर ते झोपले होते. तिने त्यांना उठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो पॅकिंगचा प्लाय फुगला आणि दारं लागेनाशी झाली. गणपतीत अजिंक्यने संगमरवरी देव्हारा आणला.